तुतीच्या पाठीचं मँडोलिन: वेगळ्या लाकडाचं वाद्य करवून घेणाऱ्यांसाठी

माझ्या मँडोलिनची पाठ तुतीच्या लाकडाची आहे. हे कळलं की लोक हमखास विचारतात, "तुती म्हणजे ती रेशमाच्या किड्यांची?" हो, तीच. इराणी तार आणि सेतार, मध्य आशियातला दुतार, जपानी बिवा ही वाद्यं पिढ्यान्‌पिढ्या तुतीतून घडत आली आहेत. मँडोलिनला मात्र हे लाकूड सहसा कुणी लावत नाही. मला ते मिळालं ते एका कारागिराच्या माळ्यावर अकरा वर्षं पडून राहिलेल्या एका फळीमुळे.

त्याच्या आधी मी आणखी एक मँडोलिन करवून घेतलं होतं. ते आज वाजत नाही. का वाजत नाही, ते पुढे तिसऱ्या पायरीत सांगतो, कारण बहुतेक नवखे तिथेच अडकतात. ज्यांना थोडंफार वाजवता येतं, दुकानातलं वाद्य पुरेनासं झालंय आणि हाताने घडवलेलं, आपल्या मनासारख्या लाकडाचं वाद्य हवंसं वाटायला लागलंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

१. आधी आवाज ठरवा, आकार ठरवा

लाकडाचा विचार सध्या बाजूला ठेवा. हाती लागतील तेवढी मँडोलिनं वाजवून बघा: मित्राचं, शिक्षकांचं, दुकानातलं, कुणाकडे आजोबांच्या वेळचं गोल पाठीचं असेल तर तेही. प्रत्येक वेळी वहीत चार गोष्टी टिपा.

पहिली, भोक कसलं आहे. व्हायोलिनसारखी दोन एफ-भोकं असली तर आवाज टणक येतो, पुढे फेकला जातो, तालाचे ठोके स्वच्छ पडतात. मधोमध एकच लंबगोल भोक असलं तर आवाज गोलसर, खर्जात भरलेला, थोडा जास्त रेंगाळणारा. संगतीला, समूहात वाजवणार असाल तर पहिला प्रकार उपयोगाचा. एकट्याने बसून आलाप, धून वाजवणार असाल तर दुसरा नक्की ऐका. मी लंबगोल घेतलं.

दुसरी, ए आकार की एफ आकार. ए आकार साधा, थेंबासारखा. एफ आकाराला वरच्या बाजूला गोल वळणाची शंखासारखी गुंडाळी असते आणि टोकदार कोपरे असतात. दिसायला देखणं असतं, पण तेवढ्या नक्षीला कारागिराचे कितीतरी दिवस जातात आणि आवाजात त्याने फरक पडतो असं मला कधी जाणवलं नाही. पैसे मोजूनमापून असतील तर ए आकार घ्या आणि उरलेले चांगल्या कारागिरावर खर्च करा.

तिसरी, नटजवळची दांडीची रुंदी. नट म्हणजे माथ्याकडची खाचांची पट्टी, जिच्यावरून तारा खुंट्यांकडे जातात. साधारण २८.५ मिलिमीटर ही नेहमीची, ३० मिलिमीटर ही रुंद. दीड मिलिमीटर म्हणजे किती असणार, असं वाटतं. जाड बोटांच्या माणसाला तो फरक पहिल्या स्वरालाच कळतो.

चौथी, बोटांखालची पट्टी सपाट की किंचित कमानदार. हे फक्त हातालाच ठरवता येतं.

तारेची लांबी, म्हणजे नटपासून घोडीपर्यंतचं (खोक्यावर तारा पेलणाऱ्या लाकडी पुलापर्यंतचं) अंतर, बहुतेक मँडोलिनांत १३ पूर्णांक ७ अष्टमांश इंच, साधारण ३५२ मिलिमीटर असतं. ते बदलायच्या भानगडीत पहिल्या वाद्याला पडू नका.

२. कारागीर आधी, लाकूड नंतर

हे उलट झालं की घोटाळा होतो. एखादी सुंदर फळी दिसते, आपण ती विकत घेतो आणि मग ती घेऊन करणारा शोधत फिरतो. करणारा सापडतोही, पण "फळी तुम्ही आणलीत" हे वाक्य पुढे प्रत्येक तक्रारीला उत्तर म्हणून ऐकावं लागतं.

मँडोलिन करणारा माणूस शोधा. गिटार करणारा उत्तम असला तरी तबली, म्हणजे तारांखालची खोक्याची वरची बाजू, कोरायचं काम वेगळं आहे. कोरीव मँडोलिनमध्ये जाड पाचरीतून रंधा आणि पटाशीने कमान काढत आणतात, मध्यभागी साडेचार-पाच मिलिमीटर, कडेकडे तीनच्या आसपास, आणि कुठे थांबायचं ते हाताला ठाऊक असावं लागतं. मँडोलिनवर आठ तारांचा मिळून साधारण ८० किलोचा ताण असतो. एवढासा खोका तो ताण वर्षानुवर्षं पेलतो, तोही आवाज मोकळा ठेवून. पातळ केलं तर तबली बसते, जाड ठेवलं तर वाद्य मुकं राहतं.

भेटायला जाल तेव्हा हे विचारा:

- तुम्ही केलेलं, निदान पाच वर्षं वापरातलं एखादं मँडोलिन बघायला मिळेल का? नवं वाद्य सगळ्यांचंच छान दिसतं.
- या लाकडात तुम्ही आधी काय केलंय? मँडोलिन नसेल, पण निदान त्यावर रंधा मारलाय का, सरस लावलाय का?
- कार्यशाळेत आर्द्रता किती ठेवता? उत्तर ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान आलं आणि भिंतीवर मापक दिसला तर अर्धी काळजी मिटली.
- पडदे झिजले, दांडी हलली तर दुरुस्ती कोण करणार?

एक गोष्ट मनापासून सांगतो. कारागीर एखाद्या लाकडाला नको म्हणाला तर वाद घालू नका. रोझवुडच्या जातीतलं कोकोबोलो दिसायला अप्रतिम असतं, पण त्याचा भुसा अनेकांच्या अंगावर पुरळ उठवतो, श्वासाला त्रास देतो आणि लाकूड तेलकट असल्याने चिकटवायलाही हट्टी. ज्याला ते रोज नाकातोंडात घ्यायचंय, त्याचा नकार हा शेवटचा शब्द समजा.

३. लाकूड निवडताना

आता आवडीचा भाग.

वेगळं लाकूड म्हणजे नेमकं काय, तर रूढ जोडीपेक्षा वेगळं. रूढ जोडी अशी: तबली स्प्रूसची, पाठ, बाजू आणि दांडी मेपलची. अमेरिकेतल्या गिब्सन या वाद्यकंपनीत लॉइड लोअर यांच्या देखरेखीखाली १९२२ ते १९२४ या काळात जी एफ-५ मँडोलिनं झाली, ती याच जोडीची, आणि पुढची शंभर वर्षं सगळे त्यांच्याच मागे गेले. पण त्या कंपनीला ज्यांचं नाव आहे, त्या ऑर्व्हिल गिब्सन यांनी कोरीव मँडोलिनचं पेटंट १८९८ मध्ये मिळवलं, आणि त्यांची स्वतःची सुरुवातीची वाद्यं अक्रोडाची होती. म्हणजे आज आपण ज्याला वेगळं म्हणतो, ते मुळात तिथे होतंच. अमेरिकेतल्याच मार्टिन या गिटार कंपनीने हवाईतल्या कोआ लाकडाची मँडोलिनंही केली होती. कुणी नाक मुरडलं तर हे ऐकवा.

मग लाकडाने आवाज किती बदलतो? स्पॅनिश गिटारकार आंतोनिओ दे तोर्रेस यांनी १८६२ मध्ये एक गिटार केलं, त्याची पाठ आणि बाजू कागदी पुठ्ठ्याची. तबली मात्र लाकडाची. आवाज बहुतांशी तबली घडवते हे त्यांना दाखवायचं होतं, आणि ते गिटार आजही बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. ब्रिटनमधल्या लँकेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये याच प्रश्नावर एक प्रयोग प्रसिद्ध केला. एकाच घडणीची सहा गिटारं, फक्त पाठ-बाजूंची लाकडं वेगवेगळी, स्वस्तापासून दुर्मीळ ब्राझिलियन रोझवुडपर्यंत. कुठलं वाद्य हातात आहे ते दिसू नये अशी सोय करून ५२ वादकांना ती वाजवायला दिली. आवाजाला दिलेल्या गुणांत म्हणावा असा फरक पडला नाही.

मँडोलिनची कोरीव पाठ गिटारच्या सपाट पाठीपेक्षा जास्त काम करते असं मला वाटतं, म्हणून हा निकाल मी जसाच्या तसा मँडोलिनला लावणार नाही. तरी एवढं त्यातून घ्या: कुणी "या लाकडाने जादुई आवाज येतो" म्हणून जास्त पैसे मागत असेल तर ते देऊ नका. लाकडाच्या नावापेक्षा त्या विशिष्ट फळीचं वजन आणि तिचा ताठपणा मोलाचा.

म्हणून माझा सरळ सल्ला असा की वेगळेपण पाठीला, बाजूंना आणि माथ्यावर चिकटवायच्या पातळ लाकडी पत्र्याला द्या. तबली स्प्रूसचीच ठेवा. स्प्रूस वजनाला हलकं असून रेषांच्या दिशेने विलक्षण ताठ असतं आणि तबलीला नेमकं हेच लागतं. फार तर सीडर किंवा रेडवुड चालेल, त्यांचा आवाज लवकर मोकळा होतो, फक्त लाकूड मऊ असतं, नखाचाही ओरखडा उठतो.

पाठीसाठी काय काय बघता येईल? घनमीटरला किती किलो, या हिशेबाने अंदाज येतो. कडक मेपल सुमारे ७००, तुती त्याच्या किंचित खाली, काळा अक्रोड आणि कोआ ६१० च्या आसपास, चेरी ५६०, आणि भारतीय रोझवुड, म्हणजे आपलं शिसवी, थेट ८३०. शिसवीची पाठ केली तर वाद्य हाताला जड लागणार. अक्रोड मला स्वतःला फार आवडतं, खर्जाला एक ऊब येते. फणसाच्या लाकडाची वीणा आणि तुणाची सतार आपण ऐकत आलोय, त्यामुळे ही दोन्ही लाकडं वाद्याला परकी नाहीत, पण मँडोलिनच्या कमानीत ती कशी वागतील हे ज्याने ती कोरली आहेत त्यालाच विचारा.

बुरशीच्या काळ्या रेघा उमटलेलं मेपल आणि गाठीगाठींचं, भोवऱ्यांचं लाकूड फोटोत सगळ्यांत जास्त भुलवतं. पहिलं मुळात कुजायला लागलेलं असतं. दुसऱ्यात रेषा चारी दिशांना धावतात, म्हणून ते मनाला येईल तसं वाकतं. दोन्ही माथ्यावरच्या पातळ पत्र्यापुरती ठेवा.

फळी हातात आल्यावर तीन गोष्टी बघायच्या.

एक, टोकाकडून बघा. वाढीच्या रेषा फळीच्या पृष्ठभागाला काटकोनात उभ्या दिसायला हव्यात. लाकूड लांबीत जवळजवळ आटत नाही, रुंदीत आटतं, आणि आडव्या रेषांच्या फळीत ते उभ्या रेषांच्या फळीपेक्षा साधारण दुप्पट आटतं. चिरा आणि वाकणं तिथून सुरू होतं.

दोन, वाजवून बघा. टोकापासून साधारण पाव लांबीवर फळी दोन बोटांत सैल धरा, मधोमध बोटाच्या पेराने ठोका. चांगली फळी घंटेसारखी थोडा वेळ गुणगुणते. "ठप्प" असा आवाज आला तर दुसरी बघा.

तीन, ती वाळली आहे का.

इथे माझं पहिलं मँडोलिन. ओळखीच्यांच्या बागेतलं अक्रोडाचं जुनं झाड वादळात पडलं. त्या झाडाखाली आम्ही लहानपणी खेळलो होतो. त्याचं वाद्य व्हावं असं मनात आलं आणि मी ओंडका चिरून घेऊन एका कारागिराकडे नेला. सहा महिन्यांत वाद्य तयार झालं. पहिले काही आठवडे मी हरखून गेलो होतो. मग कोरडा ऋतू आला. एका सकाळी पेटी उघडली तर पाठीचा मधला जोड खालच्या टोकापासून चार बोटं उघडला होता, इतका की त्यातून आतला उजेड दिसत होता. पाठोपाठ कड सुटली. लाकूड आतून ओलं होतं, आणि ते ओलं आहे का हे ना कारागिराने तपासलं, ना मला विचारायचं सुचलं. ते झाड पुन्हा मिळणार नाही, याची चुटपुट अजून आहे.

जुना हिशेब असा की सावलीत, हवेवर वाळवताना जाडीच्या प्रत्येक इंचाला निदान एक वर्ष. वाद्यासाठी त्याहून जास्त मुरलेलं असेल तर उत्तमच. मापक लावला तर आर्द्रता ६ ते ९ टक्के यायला हवी. मापक नसेल तर घरचा उपाय: फळीचं वजन करून तिच्यावरच पेन्सिलीने लिहा, तारीख टाका, दर पंधरवड्याला पुन्हा करा. वजन उतरत असेल तोवर लाकूड अजून वाळतंय. चार-पाच वेळा आकडा जागचा हलला नाही की मग कारागिराकडे न्या.

आणि भावनेचं लाकूड असेल, पाडलेल्या घराची तुळई, आजीचा पलंग, अंगणातलं झाड, तर घाई करू नका. जुनी तुळई बहुतेक वेळा छान वाळलेली असते, पण आत खिळे असतात. चुंबक फिरवून घ्या, नाहीतर कारागिराची पाती जातील. तुकडा लहान असला तरी त्याचा माथ्याचा पत्रा होतो, दांडी खोक्याला मिळते तिथल्या टाचेची टोपी होते. अख्खं वाद्य त्याचंच हवं हा हट्ट मी सोडायला सांगेन.

४. कागद नीट ठेवा

वाद्य देशाबाहेर न्यायचं किंवा बाहेरून आणायचं असेल तर ही पायरी टाळू नका. धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर साइट्स हा आंतरराष्ट्रीय करार आहे. ब्राझिलियन रोझवुड १९९२ पासून त्याच्या सर्वांत कडक यादीत आहे. २ जानेवारी २०१७ पासून रोझवुडची अख्खी दल्बर्गिया प्रजाती दुसऱ्या यादीत आली आणि वादकांची मोठी पंचाईत झाली. २६ नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली, ब्राझिलियन रोझवुड वगळून. सूट तयार वाद्याला आहे; कच्ची फळी पाठवायची तर नियम वेगळे. अमेरिकेत लेसी कायदा २००८ पासून लाकडालाही लागू आहे, त्यात बेकायदा तोडलेल्या लाकडाची वस्तू बाळगणंही अंगाशी येऊ शकतं. याद्या बदलत राहतात, म्हणून निघण्यापूर्वी दोन्ही देशांचे ताजे नियम बघा.

जवळ ठेवायचे कागद:

- वाद्यातल्या प्रत्येक लाकडाचं शास्त्रीय नाव, कारागिराच्या सहीने. "रोझवुड" एवढं लिहून भागत नाही, त्या नावाने डझनभर लाकडं विकली जातात.
- लाकूड कुठून, कधी आलं याची पावती किंवा निदान लेखी नोंद.
- ऑर्डरचा लेखी तपशील आणि पैसे दिल्याच्या पावत्या.
- वाद्याचा क्रमांक आणि आतल्या लेबलाचा फोटो. विम्यालाही हाच लागतो.

जुन्या मँडोलिनवरून काढलेला हस्तिदंती नट किंवा कासवाच्या कवचाचा पिकगार्ड नव्या वाद्याला बसवून घेण्याचा मोह होईल. नको. नटाला हाड उत्तम असतं.

५. सगळं लिहून घ्या

माणूस कितीही सज्जन असो, सहा महिन्यांपूर्वी चहा पिताना काय बोलणं झालं ते दोघांनाही वेगळं आठवतं. एका पानावर एवढं यावं: आकार, भोक, नटची रुंदी, पट्टी सपाट की कमानदार, दांडीत ट्रस रॉड (दांडी सरळ ठेवणारी आतली सळी) आहे की नाही, प्रत्येक भागाचं लाकूड, पॉलिश कसलं, खुंट्या आणि टेलपीस (खालच्या टोकाला तारा अडकवायची पट्टी) कुठल्या बनावटीचे, पेटी धरून की वेगळी, एकूण रक्कम, हप्ते, अंदाजे तारीख, आणि वर्षभरात जोड सुटला तर काय.

पॉलिशबद्दल दोन शब्द. चपड्या लाखेचं हाताने चढवलेलं पॉलिश पातळ असतं, लाकडाचा पोत वर येऊ देतं, खरचटलं तर पुन्हा चढवता येतं, पण घाम आणि स्पिरिट त्याला सोसत नाही. जाड चकचकीत लेप टिकाऊ, पण वेगळं लाकूड निवडून त्यावर काच बसवल्यासारखं करायचं, हे मला पटत नाही.

६. पैसे, वाट पाहणं आणि मध्ये न पडणं

रक्कम तीन हप्त्यांत ठेवा: ऑर्डर देताना एक, खोका जुळून पॉलिशच्या आधी एक, वाद्य वाजवून बघितल्यावर एक. सगळी रक्कम आगाऊ मागणाऱ्याला नम्रपणे नाही म्हणा. काम काही महिन्यांचं असतं, नावाजलेल्या माणसाकडे रांगच वर्षा-दोन वर्षांची.

काम सुरू झाल्यावर विचार बदलू नका. तबलीला भोक पडल्यावर भोकाचा आकार बदलत नाही. फोटो मागा, जमलं तर एक-दोनदा जाऊन या, पण रोज फोन नको.

मी गेलो त्या दिवशी पाठीची फळी रंधली जात होती. वरचा थर मळकट तपकिरी, माळ्यावरच्या धुळीचा. रंधा एकदा फिरला आणि खालून हळदीसारखा पिवळा रंग निघाला. रंध्यातून निघालेली सालपट लांब, एकसंध, कागदाच्या गुंडाळीसारखी. मी एक उचलून उजेडाला धरली तर बोटं आरपार दिसत होती. मी म्हणालो, "हाच रंग राहू द्या." कारागीर हसले. त्यांनी फडक्यावर थोडं स्पिरिट घेऊन फळीवर ओढलं आणि क्षणभर तो पिवळा गडद मधासारखा झाला. "असा होणार," ते म्हणाले. "तुती उजेड पिते. राखून ठेवायचा म्हणाल तर वाद्य पेटीतच ठेवावं लागेल." स्पिरिट उडून गेलं, रंग परत पिवळा झाला. निघताना त्यांनी त्याच फळीचा काडेपेटीएवढा तुकडा माझ्या हातावर ठेवला.

७. हातात आल्यावर तपासणी

आनंदाच्या भरात हे राहून जातं, म्हणून सोबत न्यायच्या वस्तू आधीच पिशवीत टाका: स्टीलची मोजपट्टी, ट्यूनर, छोटा टॉर्च, दंतवैद्य वापरतात तसला आरसा, नेहमीचा पिक.

- टॉर्च आणि आरशाने भोकातून आत बघा. जोडांवर सरस अखंड हवा, सुटलेली पट्टी किंवा चीर नको. सरसाचे दोन ओघळ दिसले तर घाबरू नका.
- सूर लावा: खालून वर पंचमांच्या उड्या, म्हणजे जी, डी, ए, ई, प्रत्येकी दोन तारा. ए तार ४४० हर्ट्‌झला.
- घोडी चिकटवलेली नसते, तारांच्या दाबाने जागेवर बसते. प्रवासात ती हलते आणि मग सगळे स्वर बेसूर लागतात. लोक वाद्यालाच दोष देतात. बाराव्या पडद्यावर तारेला नुसतं टेकवून काढलेला घंटास्वर आणि त्याच पडद्यावर दाबून काढलेला स्वर ट्यूनरवर एकच यायला हवा. दाबलेला चढा आला तर घोडी किंचित मागे, टेलपीसकडे, उतरता आला तर पुढे, नटकडे.
- बाराव्या पडद्यावर तारेची उंची दीड मिलिमीटरच्या आसपास, खर्जाच्या तारेला थोडी जास्त.
- प्रत्येक पडद्यावर प्रत्येक जोडी वाजवा. कंटाळवाणं आहे, तरीही. कुठे झणझणलं तर तिथल्या तिथे सांगा.
- दांडीच्या टोकाकडून डोळा लावून बघा, पिळलेली नको.

आवाज पहिल्या दिवशी थोडा आखडलेला वाटला तर निराश होऊ नका. तो मोकळा होतो की आपला हात त्याला सरावतो, यावर वादक भांडत बसतात. माझ्यापुरतं सांगायचं तर तिसऱ्या महिन्यात खर्ज भरून यायला लागला.

८. पहिलं वर्ष

पेटीत छोटा आर्द्रतामापक ठेवा. ४० ते ५५ टक्के हा सुखाचा पट्टा. कोरड्या दिवसांत पेटीत ओलावा देणारी पुडी, दमट दिवसांत सिलिका जेल. वाद्य भिंतीवर, खिडकीसमोर टांगायचं नाही, गाडीच्या डिकीत तर कधीच नाही.

तारा बदलताना आठही एकदम काढू नका. घोडी सुटून बाजूला पडते आणि जागा हरवते. एकेक तार काढा, नवी लावा, मग पुढची. विकत घेताना टोकाला फास असलेल्या घ्या, बहुतेक टेलपीसना तोच लागतो. गोळीवाल्या गिटारच्या तारा आणून परत करायला जाणारे मी बरेच पाहिलेत. पहिला संच कारागिराने सुचवलेल्या जाडीचाच ठेवा. आवाज वाढवायला म्हणून जास्त जाड तारा चढवायच्या असतील तर त्यांना विचारल्याशिवाय नाही, कारण कमान त्यांनी कोरली आहे आणि तिला किती सोसेल ते त्यांनाच माहीत.

वाजवून झालं की मऊ कापडाने तारा आणि पाठ पुसा. सहा महिन्यांनी आणि वर्षाने कारागिराला दाखवा. पहिल्या वर्षात दांडी थोडी हलते, तारांची उंची बदलते, ते ठीक करणं अर्ध्या तासाचं काम असतं.

वेगळ्या लाकडाची मजा इथून सुरू होते, कारण ते बदलत राहतं. चेरी तांबूस होत जाते, अक्रोड उलट थोडा फिकटतो. माझ्या तुतीची पाठ चौथ्या महिन्यात मधासारखी झाली, आता तीन वर्षांनी जुन्या तांब्याच्या भांड्याच्या रंगावर आली आहे. पोटाशी टेकते तिथे किंचित फिकी, कडेला गडद. तो काडेपेटीएवढा तुकडा मी कागदात गुंडाळून पेटीच्या कप्प्यात ठेवलाय. मधूनमधून काढून पाठीशेजारी धरतो. तो अजून हळदीसारखाच आहे. तारा बदलताना टॉर्च घेऊन भोकातून आत बघितलं की लेबलाच्या कडेने, जिथे उजेड कधी फारसा पोचतच नाही, तिथेही तोच पिवळा रंग दिसतो.